म्हातारा बाळू, नवी भजी: घरात कुत्रा असताना पिल्लू आणायचं म्हणजे काय काय करायचं

मागच्या जुलैत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरखाली एक पिल्लू दोन दिवस केकाटत होतं. मी पहिल्या दिवशी उचललं नाही, कारण रस्त्यावरची आई बऱ्याचदा खायला गेलेली असते आणि परत येते, आपण उगाच दया येऊन पिल्लू तोडतो तिच्यापासून. पण वॉचमनकाका म्हणाले आई घोडबंदर रोडला गाडीखाली गेली, मग काय, टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणलं. बाहेर धो धो पाऊस, सासूबाई भजी तळत होत्या, म्हणून नाव भजी.

घरात आधीच दहा वर्षांचा बाळू. देशी, नसबंदी झालेला, मागचा पाय थोडा आखडतो, सकाळी नऊपर्यंत कुणी उठवलेलं आवडत नाही. आम्ही काही तयारी केलेली नव्हती त्यामुळे अर्ध्या गोष्टी चुकत चुकत शिकलो. आता ओळखीतलं कुणीतरी दर महिन्याला विचारतं की दुसरं पिल्लू आणायचंय काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एक गोष्ट आधीच सांगते. पिल्लू शिकतंच हो, ते लहान आहे, त्याला काय. खरं काम असतं म्हाताऱ्याची झोप, त्याची जागा आणि त्याचा पेशन्स सांभाळायचं, तेवढं जमलं की पिल्लाचं अर्धं ट्रेनिंग आपोआप होतं.

पिल्लू यायच्या आधी म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्या

सगळे पिल्लाची बास्केट, पिल्लाची खेळणी घेत बसतात. आधी मोठ्याला व्हेटकडे न्या. वार्षिक लसी झाल्यात का (रेबीज, पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूंवरची, लेप्टोची), जंताचं औषध झालंय का, आणि मुख्य म्हणजे कुठे दुखतंय का ते बघून घ्या. सांधे दुखणारा, दात किडलेला किंवा कानात इन्फेक्शन असलेला कुत्रा पिल्लाने नुसता धक्का दिला तरी चावायला जातो, आणि आपण म्हणतो हा जेलस आहे. जेलस नाही, दुखतंय त्याला. बाळूचं तसंच निघालं, कंबरेच्या सांध्यात झीज. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यावर आठवड्याभरात त्याचा स्वभाव बदलला. आणि प्लीज, आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, विषच आहे त्यांना.

मोठा खूपच आजारी असेल किंवा दुसरा कुत्रा दिसला की आयुष्यभर भांडतच आला असेल तर थांबा. 'पिल्लू आलं की म्हातारा तरुण होईल' हे ऐकायला छान वाटतं, पण पिल्लू म्हणजे टॉनिक नाही.

विकत घेणार असाल तर (मी तरी म्हणेन ॲडॉप्ट करा, ठाण्यात रस्त्यावर पिल्लांची काय कमी आहे का) आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांप्रमाणे बंदी आहे. कुणी पाच आठवड्यांचं 'आत्ताच न्या, लळा लागेल' म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथूनच मागे फिरा. आई आणि भावंडांकडून ते पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं, ते राहून गेलं की भोगतो कोण, तुम्ही आणि तुमचा म्हातारा.

पहिले दोन आठवडे: बंद दार

रस्त्यावरून आणलेलं पिल्लू असेल तर हे टाळू नका. पार्वोची लागण झाली तर लक्षणं साधारण तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. म्हणून चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं फडकं, आणि त्या खोलीत जायची चप्पल वेगळी. आमच्या वन बीएचकेत वेगळी खोली कुठली, तर बेडरूम भजीला दिली आणि आम्ही दोघं बाळूबरोबर हॉलमध्ये झोपलो. नवऱ्याची पाठ धरली, चालायचंच.

फिनेलने पार्वो मरत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. आधी घाण पूर्ण पुसून घ्यायची, मग साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं करून लादीवर दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर धुऊन वाळू द्यायचं. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळायचं नाही आणि वाळेपर्यंत दोघांनाही तिकडे फिरकू द्यायचं नाही. हा विषाणू घरात नि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे आधी कुठल्या घरात पार्वोचं पिल्लू गेलं असेल तर तिथे लस न झालेलं पिल्लू नेऊच नका. आणि पिल्लू एकदम मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता उघडा असलेला दवाखाना कुठला ते पिल्लू यायच्या आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

याच दिवसांत पहिली लस आणि डीवर्मिंग (जंताचं औषध) होतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. मध्येच 'दोन झाले की, बास' म्हणून सोडू नका, कारण आईच्या दुधातून आलेल्या अँटीबॉडीज सुरुवातीच्या लसीला काम करू देत नाहीत, शेवटचा डोसच बऱ्याचदा खरा लागू पडतो. रेबीजची साधारण तीन महिन्यांना. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

आणि हो, रस्त्यावरचं पिल्लू चावलं, रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी 'एवढंसं तर आहे' म्हणायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन इंजेक्शन सुरू करायचं. रेबीज पिल्लांनाही होतो. मला पण घ्यावी लागली, सगळे डोस पूर्ण केले.

या चौदा दिवसांचा एक फायदा पण होतो. दाराच्या फटीतून दोघांना एकमेकांचा वास लागतो. मी रोज भजीचं फडकं बाळूच्या जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवायचे आणि बाळूची जुनी चादर तिच्याकडे. (हे सुद्धा पहिल्या आठवड्यानंतर, तिची शी तपासून झाल्यावर, डॉक्टरांना विचारून.) वास आणि जेवण एकत्र, एवढंच. फडकं ठेवायला लागल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी बाळूने ते हुंगणं सोडून दिलं, म्हणजे बातमी जुनी झाली.

समोरासमोर ओळख

घरात, दारातच, सगळे नातेवाईक मोबाईल घेऊन उभे, हा सगळ्यात वाईट प्रकार. घर त्याचं आहे. ओळख बाहेर करा, जिथे कुणाचीच मालकी नाही. पण पिल्लाच्या लसी पूर्ण नाहीत, मग रस्त्यावर किंवा बागेत जिथे बाकीचे कुत्रे फिरतात तिथे खाली सोडता येत नाही. आम्ही गच्ची वापरली. पावसाची उघडीप बघून, दोन माणसं, दोन पट्टे.

कसं करायचं, तर दोघांनी दहा-बारा फूट अंतर ठेवून एकाच दिशेला चालायचं. समोरून आणायचं नाही. पट्टा सैल. ताणून धरला की कुत्र्याला वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि ताण पट्ट्यातून खाली जातो हे अगदी खरं. पाच मिनिटं चाला, अंतर हळूहळू कमी करा, मग मोठ्याला मागून हुंगू द्या. तीन सेकंद. मग प्रेमाने हाक मारून बाजूला, खाऊ, परत. पिल्लाला कडेवर उचलून मोठ्याच्या तोंडासमोर धरायचं नाही, सासूबाईंनी नेमकं तेच केलं 'बघ तुझी बहीण' म्हणत, आणि बाळू दोन पावलं मागे जाऊन पाठ करून बसला. सुदैवाने पाठच केली.

काय बघायचं? मोठा ओठ चाटतोय, जांभई देतोय, तोंड फिरवतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, म्हणजे त्याला नको झालंय, थांबा. अंग ताठ, तोंड बंद, नजर रोखलेली आणि आवाज नाही, तर लगेच अंतर वाढवा, हे गुरगुरण्यापेक्षा वाईट. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं की समजा खेळायला बोलावतोय. बाळूने ते ओळख झाल्यापासून नवव्या दिवशी केलं, दोन सेकंद, आणि लगेच कंबर दुखली म्हणून बसला बिचारा.

गुरगुरला तर ओरडू नका

इथे मी सगळ्यात जास्त भांडते लोकांशी. मोठा पिल्लावर गुरगुरला की घरातले सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, 'बाळू! लहान आहे ती!' अरे, गुरगुरणं म्हणजे तो सभ्यपणे सांगतोय की लांब हो. ते सांगायचं बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. भजी त्याच्या कानाला लोंबकळायची, तो गुरगुरायचा, ती तरी ऐकायची नाही, मग हवेत एक 'खप्प', दात लागू न देता, आणि ती कुंईं करून सोफ्याखाली. हे नॉर्मल आहे, हे शिक्षण आहे, मी कितीही घसा फोडून तिला शिकवलं नसतं. मध्ये पडायचं ते तेव्हा, जेव्हा पिल्लू इशारा मिळूनही थांबत नाही, किंवा मोठा कोपऱ्यात अडकलाय आणि त्याला निघायला जागा नाही, किंवा रक्त. आणि मध्ये पडायचं म्हणजे पिल्लाला उचलून बाजूला न्यायचं, म्हाताऱ्याला फटका नाही.

साधारण चार महिन्यांपर्यंत मोठे कुत्रे पिल्लाचं बरंच चालवून घेतात, मग अचानक कडक होतात. घाबरू नका, लहानपणाची सवलत संपली एवढंच.

घराची वाटणी

एक गेट घ्या. लहान मुलांसाठी दारात लावतात तसलं बेबी गेट, किंवा सुताराकडून प्लायचं करून घ्या. आमचं सुताराने करून दिलेलं आहे, बेडरूमच्या दारात, आणि ही एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्या. गेटच्या पलीकडे बाळूची गादी, त्याचं पाणी, आणि तिथे पिल्लाला प्रवेश नाही म्हणजे नाही. दिवसातून दोन-तीन वेळा त्याला तिथे तासभर गाढ झोपू द्यायचं. घरी कुणी नसताना दोघं नेहमी वेगळे, निदान पहिले काही महिने. 'छान जमतंय त्यांचं' म्हणून मोकळं सोडून बाजारात जायचं नाही.

जेवण वेगळं. एक गेटच्या आत, एक बाहेर. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही ताटल्या उचलायच्या, उरलं असो नसो. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मोठ्याला दोन वेळा. पिल्लाचं खाणं मोठ्याने चोरलं तर मरत नाही पण महिन्याभरात जाड होतो आणि सांध्यांवर येतं. गाईचं दूध नको, जुलाब होतात, थोडं दही चालतं. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट दोघांनाही नाही. सासूबाईंची टेबलाखालून पोळी हा वेगळा विषय आहे, तिथे मी हरले.

अजून एक, आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स. पिल्लू घसरतं, म्हातारा घसरतो, दोघांच्याही सांध्यांना वाईट. जुन्या सतरंज्या, रबरी मॅट, काहीही टाका जिथे ते पळतात तिथे. दिसायला घाण दिसतं, दिसू दे.

शी-शू, आणि तीही पावसाळ्यात

दोन महिन्यांच्या पिल्लाला दर एक-दीड तासाने न्यायचं. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, आणि रात्री एकदा-दोनदा गजर लावून. लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेता येत नाही, आणि ठाण्याचा जुलै, तेव्हा बाल्कनीत पेपर किंवा खोटं गवत टाकून तीच जागा ठरवा. झालं की त्याच सेकंदाला खाऊ आणि कौतुक, घरात परत आल्यावर नाही, तोपर्यंत ते विसरलेलं असतं. चुकीच्या जागी केलं तर नाक घासायचं नाही, पेपरची गुंडाळी मारायची नाही, ते फक्त तुमच्यापासून लपून सोफ्यामागे करायला शिकतं. पुसायला अमोनियावालं क्लीनर वापरू नका, त्याला शूसारखाच वास येतो आणि पिल्लाला वाटतं हीच जागा. एन्झाइमवालं मिळतं ते घ्या.

म्हातारा इथे खरंच मदत करतो. नंतर खाली न्यायला लागल्यावर बाळूच्या मागे मागे जाऊन, तो जिथे पाय वर करेल तिथेच ही बसायची. आठवड्यात शिकली. फक्त तिने त्याच्याकडून बेल वाजली की भुंकायचं पण शिकून घेतलं, दहा वर्षं एकटा भुंकत होता, आता जुगलबंदी. म्हणून मोठ्याची एखादी वाईट सवय असेल तर पिल्लू यायच्या आधी ती सुधारा, नंतर दोघांची सुधारावी लागते.

चावाचावी

चार महिन्यांच्या आसपास दुधाचे अठ्ठावीस दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस येतात. तोवर चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा सगळं वर. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून द्या, नाहीतर थंड गाजर. हातावर चावलं की खेळ बंद, उठून निघून जा, वीस सेकंद. आणि पिल्लू संध्याकाळी वेड लागल्यासारखं सगळ्यांना चावत सुटलं तर नव्वद टक्के वेळा त्याला झोप आलेली असते. दिवसाला अठरा-वीस तास झोपतात ही. गेटच्या आपल्या बाजूला झोपवा, म्हाताऱ्याची पण सुटका.

शिकवणी वेगवेगळी

दोघांना एकत्र शिकवायला जाल तर काही होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पाच पाच मिनिटं, पिल्लू एकटं: नाव ऐकलं की बघ, ये, बस, सोड. मोठा तेव्हा गेटच्या आत हाडूक चघळतोय. मग त्याची पाच मिनिटं, त्याला येतं तेच करून घ्या, म्हाताऱ्यांनाही खाऊ मिळवायला आवडतं. दोघांना एकेकटं जमलं की मग एकत्र, आणि खाऊ आधी नाव घेऊन मोठ्याला, मग पिल्लाला. फिरायलाही रोज एकदा तरी वेगवेगळं न्या. नाहीतर पिल्लू तुमचं न होता त्याचंच होतं, तुम्ही हाक मारता आणि ते त्याच्याकडे बघतं, आणि तो डॉक्टरकडे गेला की हिने सगळी सोसायटी डोक्यावर घेतली म्हणून समजा.

बाहेरचं जग

चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत जे बघितलं ते आपलं, अशी पिल्लाची गंमत असते. पण लसी पूर्ण नसतात. मार्ग एकच, कडेवर. भजीला मी झोळीत घालून तलावपाळीला बसायचे, रिक्षा, टीएमटीच्या बसेस, शेंगदाणेवाला, लहान मुलं, सगळं लांबून दाखवायचं आणि खाऊ. गणपतीचा ढोल तिला तसाच आधी लांबून ऐकवला, दिवाळीत त्रास कमी झाला. शेवटच्या लसीनंतर दहा-पंधरा दिवसांनी जमिनीवर.

येऊरला घेऊन जाऊ नका. रविवारी लोक जातात कुत्री घेऊन, मला कळत नाही का. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे. उपवन तलावाच्या काठाने फिरा, नवी मुंबईत असाल तर पाम बीच रोडच्या बाजूला सकाळी लवकर, हवा छान असते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात दोघांनाही उतरू देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि तो आपल्यालाही होतो. आल्यावर पाय पुसून बोटांच्या मधलं कोरडं करा, कानाच्या मागे आणि बोटांमध्ये गोचीड बघा. गोचिडाचं औषध वजनावर असतं, मोठ्याचं पिल्लाला अर्धं करून लावायचं नाही.

सोसायटी

आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, एक होता ते ठीक, आता दोन? प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं प्रिंट काढून दिली, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण नुसता कायदा दाखवून शेजारी होत नाहीत. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, शी उचला, पिशवी खिशात असू द्या, आणि महापालिकेचं लायसन्स दोघांचं वेगवेगळं काढा, रेबीजचं सर्टिफिकेट लागतंच.

सहा महिन्यांनंतर

मादी असेल आणि घरातल्या नराची नसबंदी झालेली नसेल तर सहाव्या महिन्याच्या आधी डॉक्टरांशी बोला, पहिली हीट (माजावर येणं) साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान कधीही येते, आणि 'भावा-बहिणीसारखे वाढलेत' हे कुत्र्यांना माहीत नसतं. एक ते दोन वर्षांच्या मध्ये पिल्लू स्वभावाने पूर्ण मोठं होतं, तेव्हा कधी कधी दोघांमध्ये नव्याने खटके उडतात, विशेषतः दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर असतील तर. परत गेट, परत वेगळं जेवण, आणि रक्त निघालं तर चांगला ट्रेनर शोधा, मारून 'बॉस कोण' दाखवणारा नको.

भजी आता वर्षाची होत आली. दुपारी दोघं एकाच सतरंजीवर असतात, पण लगडून वगैरे नाही, मध्ये हातभर अंतर. मागच्या आठवड्यात गेट रंगवायला काढलं होतं, मला वाटलं आता काय गरज आहे, नाहीच लावलं तर. तर बाळू बेडरूमच्या दारात जाऊन उभा राहिला, एकदा चौकटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत, आणि संध्याकाळी सुताराने परत लावेपर्यंत गादीवर गेला नाही.